बसल्या कामाचा हिशेब

(दृश्य : सोलापूर, विडी घरकुल. सकाळचं ऊन, दारातला ओटा.)

मांडीवर सूप, सुपात तंबाखू, शेजारी ओल्या फडक्यात गुंडाळलेली तेंदूची पानं. पान, चिमूटभर तंबाखू, वळण, दोरा. लगेच पुढची. बोटं इतकी भरभर चालतात की कॅमेऱ्याला पकडता येत नाहीत. अंधार पडेपर्यंत हजाराच्या आसपास विड्या होतात. आणि एवढ्या वेळात बोटं सोडली तर बाकीचा देह जागचा हललेला नसतो.

या बाईला ‘तुमचं काम बैठं आहे’ म्हणून बघा. “बसून खातो का आम्ही?” असंच ऐकायला मिळेल, आणि तिचं चुकत नाही. मान धरते, पाठ भरून येते, डोळे चुरचुरतात. पण त्या दुखण्याने कॅलरी फारशा जळत नाहीत. त्यासाठी मोठे स्नायू हलावे लागतात. मांडी घालून बसलं की ते झोपलेलेच.

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेचे 2020 सालचे आकडे आहेत. 55 किलो वजनाच्या बाईला बैठ्या कामासाठी दिवसाला 1660 किलोकॅलरी लागतात, जड कामासाठी 2720. मधला फरक हजाराच्या वर. भाकरीत सांगायचं तर पाच भाकऱ्या. मंगळवेढ्याच्या रानात ज्वारी काढणाऱ्या आजीला त्या पाच भाकऱ्या पचत होत्या. नात शहरात आली, सूप घेऊन बसली. ताट मात्र आजीचंच राहिलं.

(दृश्य : वजनकाटा. पाटीवर खडूने मांडलेली बेरीज.)

आता वजन उतरवायचा हिशेब मांडू. 1990 साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेलं मिफ्लिन-सेंट जिओर सूत्र आजही सर्रास वापरतात. वजन गुणिले 10, अधिक सेंटिमीटरमधली उंची गुणिले 6.25, वजा वय गुणिले 5. बाईसाठी त्यातून आणखी 161 वजा. पुरुषासाठी 5 मिळवायचे. आलेला आकडा म्हणजे नुसतं पडून राहिलं तरी लागणारी ऊर्जा. बैठ्या माणसाने तो 1.2 ने गुणायचा.

समजा, बाईचं वय 42, उंची 152 सेंटिमीटर, वजन 68. उत्तर येतं 1259. गुणिले 1.2, म्हणजे 1511. दिवसाला एवढं खाल्लं तर वजन आहे तिथेच राहतं.

इथे जो तो एकच सल्ला देतो : रोज 500 किलोकॅलरी कमी करा. किलोभर चरबीत साधारण 7700 किलोकॅलरी असतात, म्हणून 500 कमी केले की आठवड्याला अर्धा किलो उतरेल, असं गणित. नवी पेठेत गल्ल्यावर बसणाऱ्या 82 किलोच्या, 165 सेंटिमीटर उंचीच्या, 45 वर्षांच्या दुकानदाराला ते जमतं. त्याचा आकडा 1957 येतो. 500 गेले तरी 1457 उरतात. आपल्या बाईचे 500 काढले तर राहतात 1011. डॉक्टरांच्या देखरेखीशिवाय बाईने 1200 च्या खाली जाऊ नये, असा सर्वसाधारण संकेत आहे. बुटक्या, बैठ्या बाईकडे कापायला 500 नसतातच, आणि हे तिला कुणी सांगत नाही. आठवडाभर ती उपाशी राहते, चक्कर आली की सोडून देते, वर ‘मनाचा निग्रह नाही’ म्हणून बोलणीही खाते.

तिने 250 कमी करावेत. महिन्याला साधारण एक किलो, तेही कागदावर. अंगातल्या पाण्यामुळे काटा मागेपुढे होतोच. (मधुमेहाच्या गोळ्या चालू असतील, बाळ अंगावर पीत असेल, तर आधी डॉक्टर, मग हिशेब.)

(दृश्य : स्वयंपाकघर. उखळात कुटली जाणारी शेंगा चटणी.)

हे 250 काढायचे कुठून? सगळ्यांचा हात आधी भाकरीवर पडतो. साठ ग्रॅम पिठाच्या ज्वारीच्या भाकरीत 200 असतात. त्याच भाकरीवर आपली शेंगा चटणी घ्या, 30 ग्रॅम : शेंगदाण्याचेच दीडशे. वर कच्च्या तेलाचे दोन चमचे : आणखी 80. झाले 230. तोंडी लावणं भाकरीला भारी पडलं! कारण तेलाच्या एका ग्रॅमला 9 किलोकॅलरी, पिठातल्या कर्बोदकांना 4.

ताटातलं तेल मोजता येत नाही, कॅन मोजता येतो. चार माणसांच्या घरात महिन्याला पाच लिटर संपत असेल, तर माणशी रोज 340 नुसत्या तेलाच्या झाल्या. त्यातला तिसरा हिस्सा कमी केला की शंभरावर सुटतात. चहात दोन चमचे साखर म्हणजे 40, आणि पानं कापताना, विड्या बांधताना चहा किती होतो ते ज्याचं त्याने मोजावं. चार कप धरले तर 160. निम्मी साखर केली की 80. उरलेल्या 60-70 साठी चटणी निम्मी.

डाळ, मटकी, दही, अंडं यांना हात लावू नये. खाणं कमी झालं की शरीर चरबीबरोबर स्नायूही मोडायला घेतं, आणि प्रथिनं पुरेशी असली तर ते बरंचसं थांबतं.

“चटणी सोडायची का मग?” सूप बाजूला ठेवत ती विचारते.

“चटणी राहू द्या, अक्का. वरचं तेल तेवढं नको.”

“तेलाशिवाय चटणी?” ती हसते. “दही घालून बघते.”

(दृश्य : तोच काटा, काही महिन्यांनंतर.)

वजन 62 वर आलं की तेच सूत्र 1511 ऐवजी 1439 सांगतं. अंग हलकं झालं, गरजही 72 ने उतरली. म्हणून पाचसहा महिन्यांनी काटा आधीपेक्षा हळू उतरतो. पाटी पुसून, नवं वजन घालून बेरीज पुन्हा मांडायची.