जुन्या गेमकडे परत जाताना

नमस्कार श्रोतेहो. आज बोलायचंय ते पस्तिशी-चाळिशीतल्या मंडळींशी. 2006-07 च्या सुमाराला तुम्ही शिकायला पुण्याला नाहीतर औरंगाबादला होतात. ब्रॉडबँडच्या प्लॅनमध्ये रात्री दोन ते सकाळी आठ डाउनलोड फुकट असायचं, म्हणून दोनचा गजर लावून उठायचात. आता लेकरं झोपली की तोच जुना ऑनलाइन गेम आठवतो. परत जावं का? गेलं तर किती पैसे लागतील?

सगळ्यांच्या ओळखीचा वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्टच घेऊ. हा गेम 2004 साली आला. त्यानंतर साधारण दर दोन वर्षांनी त्याला नवा मुलूख जोडला जातो, त्याला एक्स्पान्शन म्हणतात. 2024 साली आलेलं ‘द वॉर विदिन’ हे दहावं. दहा म्हटलं की माणूस हबकतो, सगळीच विकत घ्यायची का? नाही. पुन्हा सांगतो, नाही. हा गेम खेळायला दर महिन्याला फी भरावी लागते, जुनी एक्स्पान्शन त्या फीमध्येच येतात. वेगळे पैसे मोजायचे ते फक्त सगळ्यात नव्याचे.

हे माझ्या मावसभावाला कुणी वेळेवर सांगितलं नव्हतं. उदगीरला त्याचं कृषी सेवा केंद्र आहे. सोयाबीनची पेरणी उरकली, दुकानातली गर्दी ओसरली आणि हॉस्टेलच्या मित्रांनी ग्रुपवर टाकलं, चला, परत खेळू. यानं रात्री पावतीबुकाच्या पाठीवर दहाही एक्स्पान्शनच्या किमती मांडल्या, बेरीज केली आणि गुपचूप बेत रद्द केला. दुसऱ्या दिवशी मित्रानं फोनवर समजावलं की जुन्यांचे पैसे लागत नाहीत. त्यासरशी हा जोरात म्हणाला, "मग येतोच! माझं बारा हजार सोनं पडून आहे तिथं!"

मावशी ओसरीवर शेंगा फोडत बसली होती. तिनं सूप बाजूला सारलं.

"कुठं पडून हाय रे सोनं?"

"अगं, ते गेममधलं."

"असू दे की. कुनाच्या नावावर हाय?"

"माझ्याच."

"सुनंला ठावं हाय का?"

आतून वहिनी म्हणाल्या, "काय ठाव पाहिजे मला?" झालं! शेवटी कॉम्प्युटर लावून दाखवावा लागला. पडद्यावर याचा जुना योद्धा उभा, अंगावर चिलखत, खांद्यावर घागरीएवढे गोळे. याला वाटलं होतं, दोघी कौतुक करतील. मावशीनं एकच विचारलं, "मग ते सोनं मोडता येतं का?"

श्रोतेहो, मोठमोठ्या हिशेबनिसांना सुचणार नाही असा प्रश्न आहे हा! आणि उत्तर आहे, येतं. 2015 पासून या गेममध्ये टोकन मिळतं. गेममधलं सोनं देऊन टोकन घ्यायचं, त्यावर महिनाभराची फी भागते. भावानं लगेच टोकनाचा भाव काढला, तर तो लाखांत! 2007 साली वेगानं उडणाऱ्या वाहनाची विद्या 5,000 सोन्याला मिळायची आणि ती ज्याच्याकडं असेल तो गावचा सावकार. आता याच्या बारा हजारांत टोकनाचा कोपराही येईना.

मावशी उठता उठता म्हणाली, "म्हंजे आमचं सोनं वाढत गेलं अन् ह्याचं झिजत गेलं. तवाच म्हनलं हुतं, पाटल्या करून ठिव."

तरीही त्यानं फी भरलीच. आत गेला तर लेव्हलही उतरलेली, कारण 2020 साली सगळ्यांच्या लेव्हल आवळून 120 च्या 50 केल्या होत्या. आणि महिनोन्‌महिने जागून मिळवलेल्या चिलखतापेक्षा नव्या मुलखात पहिल्याच कामाला मिळालेला अंगरखा सरस निघाला. त्याचं मात्र त्याला फार लागलं. दोन दिवस दुकानात गिऱ्हाइकाशी धड बोलला नाही.

तर खरा खर्च कुठं आहे? महिन्याच्या फीमध्ये. अमेरिकेतला दर महिन्याला 15 डॉलर आहे. ‘द वॉर विदिन’ आलं तेव्हा साधी आवृत्ती 50 डॉलरला होती, म्हणजे चौथ्याच महिन्यात फी तिला मागं टाकते. आणि सगळ्यात भारी आवृत्ती 90 ला. तिच्यात जादा काय? स्वारीचे प्राणी, शोभेच्या वस्तू, थोडे खेळायचे दिवस. हे म्हणजे युरियाच्या गोणीबरोबर गळ्यात मारलेलं लिंकिंगचं औषध.

वेळ संपत आलाय, पटपट सांगतो. आधी फुकट आत जा, मग पाकीट काढा. वॉरक्राफ्टमध्ये 20 व्या लेव्हलपर्यंत पैसे लागत नाहीत. फायनल फँटसी 14 या अशाच दुसऱ्या ऑनलाइन गेममध्ये 70 व्या लेव्हलपर्यंत फुकट आहे, पण ज्या खात्यावर एकदा गेम विकत घेतला, त्याला ती सवलत परत मिळत नाही. गिल्ड वॉर्स 2 या तिसऱ्या गेमला महिन्याची फीच नाही. एकदा घेतलेलं एक्स्पान्शन तुमचंच राहतं, दहा वर्षांनी गेलात तरी.

आणि कार्डाचं. 2020 पासून नव्या कार्डावर परदेशी व्यवहार बंदच येतात, ते बँकेच्या ॲपमधून चालू करावे लागतात. डॉलरमध्ये पैसे गेले की बँक बहुधा परकीय चलनाचं शुल्क वेगळं लावते. दर महिन्याला आपोआप कापून घ्यायची परवानगी दिली असेल, तर कापण्याच्या किमान 24 तास आधी बँकेकडून सूचना आली पाहिजे, तसा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. तो मेसेज वाचा. खेळणं थांबलं असेल तर त्याच दिवशी परवानगी रद्द करा. नमस्कार.