लाइन या शब्दाचा धागा

श्रोतेहो, नमस्कार.

अमळनेर-पारोळ्याकडे शेतीपंपाची वीज रात्रपाळीची असली की एका मळ्यातून दुसऱ्या मळ्यात हाक जाते, “लाइन उनी का?” या अहिराणी प्रश्नातला पहिला शब्द इंग्रजी आहे, हे विचारणाऱ्याच्या मनातही येत नाही. वीज या अर्थाने तो शब्द खुद्द इंग्रज माणूससुद्धा इतक्या सहज वापरत नाही. तो अर्थ आपण घडवला आहे.

भुसावळला लाइन म्हणजे रेल्वेमार्ग, एक नागपूरकडे जाणारा आणि एक इटारसीकडे. नदीवरून शेतात पाणी आणले की पाइपलाइन होते, रेशन दुकानापुढे लाइन लागते, आणि ‘मुलगा कोणत्या लाइनला आहे?’ असे विचारणारे पाहुणे त्याच्या व्यवसायाची चौकशी करीत असतात. इंग्रजीत कवितेची ओळ, नटाच्या तोंडचे वाक्य, कपाळावरची आठी, घराण्याची परंपरा आणि मासे धरण्याची दोरी यांनाही हाच शब्द चालतो. कवितेसाठी मात्र आपण ओळ सोडली नाही आणि वहीतली रेघही रेघच राहिली, याचे मला मनापासून समाधान वाटते.

एवढे अर्थ एका शब्दात कसे मावले? लॅटिनमध्ये ‘लीनुम’ म्हणजे जवस. आपण जवसाची चटणी करतो, पण त्याच झाडाच्या खोडातून तंतू काढून युरोपात सूत कातले जाई, आणि त्या सुताला ‘लीनेआ’ म्हणत. त्यावरून लाइन आली. लिनन हे कापडही त्याच कुळातले, आणि ते कोटाला आतून लावीत म्हणून अस्तराला लायनिंग म्हणू लागले. ताणलेला धागा सरळ असतो. त्यावरून रेषा, मग रांग, मग मार्ग.

कापूस पिकवणाऱ्या खानदेशाला ही वाट नवी वाटू नये. संस्कृत ‘सूत्र’ म्हणजे दोरा. त्यातून आपले सूत आले, सूत्रधारापासून सुतार आला, आणि तो सुतार आजही इंचाच्या आठव्या भागाला ‘एक सूत’ म्हणतो. सरळ आलेला माणूस आपल्याकडे सुतासारखा सरळ येतो, आणि दोघांचे पटले की त्यांचे सूत जमते.

धुळ्यात वा जळगावात कुठेही बांधकाम चालू असेल, तर क्षणभर थांबून पाहा. गवंडी विटांचा थर धरण्यासाठी दोन टोकांना जो दोरा ताणून बांधतो, त्याला तो लाइनदोरी म्हणतो.