टाकीतले कोणते मासे काढायचे?

श्रोतेहो, नमस्कार.

आमच्या बिबवेवाडीच्या घरात हॉलच्या भिंतीला लागून एक काचेची टाकी आहे. चार फूट लांब, दीड फूट रुंद, दीड फूट उंच. म्हणजे ९ घनफूट, साधारण २५५ लिटर. दगड, वाळू आणि वरची रिकामी पट्टी वजा केली की खरं पाणी २०० लिटरच्या आसपास भरतं. बारा दिवसांपूर्वीपर्यंत त्यात सिक्लिड कुळातले ३४ मासे होते. त्यातले काढायचे का, आणि काढायचे तर कोणते, हे ठरवायला मला सहा आठवडे लागले. त्याबद्दल आज बोलणार आहे.

सिक्लिड म्हटलं की परदेशी मासा डोळ्यांसमोर येतो, पण कोकणातल्या खाडीत मिळणारी कालुंदर हीसुद्धा सिक्लिडच. माझ्या टाकीतले मात्र आफ्रिकेतल्या मलावी सरोवराच्या कुळातले. हे सरोवर ५५० किलोमीटरहून अधिक लांब आणि काही ठिकाणी जवळजवळ ७०० मीटर खोल आहे. काठच्या खडकांत राहणाऱ्या या माशांना तिकडे ‘मबुना’ म्हणतात. खडकावरचं शेवाळ खरवडून खायचं आणि आपल्या कपारीजवळ दुसऱ्याला फिरकू द्यायचं नाही, असा त्यांचा दिवस जातो. तिथे हरलेला मासा पळून दुसरा खडक गाठतो. माझ्या टाकीत चार फुटांवर काच लागते.

म्हणून मबुना पाळणारी माणसं मुद्दाम गर्दी ठेवतात. नव्याने पाळणाऱ्याला हे पटत नाही, मलाही पटलं नव्हतं. पण टाकीत आठच मासे असले तर एक दांडगट नर निम्मी टाकी आपली करतो आणि एकालाच धरून बसतो. त्याचे पर, शेपूट, खवले, काही शिल्लक ठेवत नाही. तेच तीस मासे असले तर तो एकामागे धावतो तोवर मध्ये दुसरा येतो, तिसरा येतो, पाठलाग तिथेच तुटतो. मार तेवढाच असतो, पण वाटला जातो. एकाच्या वाट्याला मरण येत नाही.

माझ्याकडे तरीही एकाच्या वाट्याला ते येऊ लागलं होतं. एक पिवळी, लॅबिडोक्रोमिस जातीची, फिल्टरच्या पाइपमागे उभी राहायला लागली. आडवी नाही, उभी, तोंड वर करून. शेपटीची कड कुरतडल्यासारखी फाटलेली. दाणे टाकले की सगळे वर झेपावायचे आणि ही तिथूनच बघायची. दुकानात विचारलं तर तिथला मुलगा म्हणाला, “काकू, निम्मे काढून टाका, टाकी मोकळी होईल.” दुसरीकडे विचारलं तर, “काढताय कशाला? आणखी दहा टाका.” दोघेही या धंद्यात मुरलेले. मी घरी आले आणि खुर्ची टाकीसमोर ओढून बसले.

सुरुवातीला मला वाटलं, मार खाणाऱ्या पिवळीलाच बाहेर काढू. तिला बादलीत घेतलं, वेगळ्या छोट्या टाकीत ठेवलं. पाचव्या दिवशी पाइपमागे दुसरा मासा उभा होता. तेव्हा कळलं की मार खाणारा हलवला तर मार थांबत नाही, नुसता पत्ता बदलतो. मग मी मारणाऱ्याकडे बघायला लागले. रोज संध्याकाळी अर्धा तास, वही घेऊन, कोण कोणामागे धावतो एवढंच लिहायचं.

चौथ्या दिवसापासून एकच नाव पुन्हा पुन्हा यायला लागलं: ऑरेटस. या जातीची पिल्लं सगळी सोनेरी असतात, अंगावर काळे पट्टे. बघूनच घ्यावीशी वाटतात, मीही तशीच सात घेतली होती. पण त्यातला जो नर वरचढ होतो तो रंग पालटतो. सोनेरी अंग काळपट होत जातं आणि पट्टे फिके पडतात. माझा नर महिन्याभरात असा काळा झाला होता. वहीत निम्म्याहून जास्त पाठलाग त्याचे. आणि त्याच सुमारास उरलेल्या सहांपैकी आणखी एकाच्या पोटाखाली काळसर छटा यायला लागली होती. म्हणजे पहिला काढला की गादीवर बसायला दुसरा तयारच.

इथे माझा प्रश्न बदलला. किती काढायचे हा प्रश्नच नव्हता. निम्मे कुठलेही काढले असते तर गर्दीचा आडोसा गेला असता आणि ऑरेटस राहिला असता. काढायची ती पूर्ण जात, सातही.

पण पाण्याचा हिशेब वेगळा असतो, आणि तो मासे बघून कळत नाही. माशांच्या कल्ल्यांतून आणि विष्ठेतून पाण्यात अमोनिया येतो. फिल्टरमधले जिवाणू त्याचं नायट्राइट आणि पुढे नायट्रेट करतात. नायट्रेट साठत जातं, ते आपणच पाणी बदलून कमी करायचं. समजा आठवड्याला ते लिटरमागे २० मिलिग्रॅमने वाढतंय आणि तुम्ही दर आठवड्याला पाव टाकी पाणी बदलता, तर पाणी बदलण्याआधीचा आकडा हळूहळू ८० वर जाऊन थांबतो. निम्मी टाकी बदललीत तर ४० वर. माझा ८० होता. सात मासे गेले की वाढ साधारण पाचव्या हिश्शाने कमी होणार, आणि निम्मं पाणी बदललं तर आकडा तिशीच्या आसपास येणार. हे मला झेपणारं होतं.

झेपण्याचा विचार पुण्यात करावाच लागतो. गुरुवारी पाणी बंद आणि शुक्रवारी उशिरा, कमी दाबाने, हे वाक्य आपल्याला पाठ आहे. दुरुस्तीसाठी वीज गेली की फिल्टर थांबतो, आणि मे महिन्यात गरम पाण्यात प्राणवायू आधीच कमी विरघळलेला असतो. शिवाय मलावीच्या माशांना पाणी अल्कधर्मी लागतं, आणि पीएच ७ वरून ८ वर गेला की अमोनियाचा विषारी भाग जवळजवळ दहापट होतो. ३४ मासे वीज असताना जगतात. वीज चार तास नसताना जगतील का, हे मोजून मग गर्दी ठेवावी. बॅटरीवरचा एअर पंप घरात हवाच.

काढलेले मासे कुठे द्यायचे हे मी आधी ठरवलं, जाळी नंतर हातात घेतली. कर्वेनगरला एका गृहस्थांकडे सहा फुटी टाकी आहे आणि त्यात सगळे असेच दांडगट. त्यांनी घेतले. श्रोतेहो, एक कळकळीने सांगते. कोणी म्हणेल, मुठेत सोडा, कात्रजच्या तळ्यात सोडा, पुण्य लागेल. कृपा करून सोडू नका. तिलापिया हाही आफ्रिकेतला सिक्लिडच. १९५२ साली तो भारतात आणला, आणि आज उजनीच्या जाळ्यात चिलापी म्हणून ढिगाने येतो. बाहेरचा मासा एकदा पाण्यात गेला की परत काढता येत नाही.

मासे पकडायचे तर दगड जागेवर ठेवून पकडता येत नाहीत, तासभर धावपळ होते आणि हाती काही लागत नाही. मी तिसरा हिस्सा पाणी बादल्यांत काढून घेतलं, सगळे दगड बाहेर काढले, खोलीतला दिवा मंद केला आणि दोन जाळ्या घेतल्या. एक स्थिर धरायची, दुसरीने हळू हाकायचं. वीस मिनिटांत सातही आले. दगड परत लावताना मुद्दाम वेगळे रचले, डावीकडची गुहा उजवीकडे. कोणाची कपार कुठली हे सगळ्यांनाच नव्याने ठरवावं लागतं, त्यामुळे जुन्या वैराला जागा उरत नाही. पिवळीलाही त्याच वेळी आत सोडली. नव्या पाण्यात अँटीक्लोरीन, म्हणजे नळाच्या पाण्यातलं क्लोरीन घालवणारं औषध, घातलं. फिल्टरच्या स्पंजला त्या दिवशी हात लावला नाही. एकाच दिवशी सगळं हलवलं तर जिवाणूंचं नुकसान होतं.

आता टाकीत २७ आहेत. पाठलाग आहेत, पण पाइपमागे कोणी उभं नाही.

एका निळ्या मादीला मात्र मी त्या दिवशी जाळीने शिवले नाही. तिची हनुवटी खाली फुगलेली होती, म्हणजे तोंडात अंडी. मबुनांच्या माद्या साधारण तीन आठवडे अंडी आणि पिल्लं तोंडात वागवतात, त्या काळात जवळजवळ काही खात नाहीत. घाबरली तर ती थुंकून टाकते. एवढी ओढाताण झाली, तरी तिने तोंड उघडलं नाही. पिल्लांसाठी वेगळी टाकी लावा असं मला दोघांतिघांनी सांगितलं. मी लावणार नाही. ती पंधरावीस पिल्लं वाढवली तर चार महिन्यांत मी पुन्हा याच खुर्चीत वही घेऊन बसेन. ती दगडांतच सुटतील. बहुतेक खाल्ली जातील, एखादं कपारीत टिकेल. हा निर्णय मला सोपा गेलेला नाही, आणि ती काचेजवळ आली की मी अजून तिच्या हनुवटीकडेच बघते. आज तिचा सतरावा दिवस आहे.

नमस्कार.