अंबाळ्याच्या पायऱ्यांनी रामटेक

श्रोतेहो, नमस्कार. नागपूर जिल्ह्यातल्या एका खेड्यातील शाळेत मी इतिहास शिकवतो. पौषातल्या एका रविवारी आम्ही शाळेतले नऊ जण रामटेकची टेकडी पायी चढलो, त्या दिवसाविषयी आज आपल्याशी बोलणार आहे.

रामटेक नागपूरहून सुमारे ५० किलोमीटरवर आहे. गडमंदिराच्या जवळपर्यंत आता गाडीरस्ता जातो. याआधी मी जितक्या वेळा गेलो तितक्या वेळा त्याच रस्त्याने गेलो आणि राम-लक्ष्मणाचे दर्शन घेऊन तासाभरात परतलो. या वेळी मात्र आमचे शिपाईकाका अडून बसले. लहानपणी ते त्रिपुरी पौर्णिमेच्या यात्रेला बैलगाडीने येत आणि त्यांच्या घरची रीत अशी, की आधी अंबाळा तलावात हातपाय धुवायचे आणि तिथूनच पायऱ्यांनी वर जायचे. “गाडीनं जायचं असन तं मी येत नाही, गुरुजी,” असे त्यांनी स्पष्ट सांगितले आणि आम्ही त्यांचे ऐकले, याचा मला फार आनंद आहे.

अंबाळ्याच्या काठी घाट आहेत, लहानमोठी देवळे आहेत आणि पितरांचे विधी करायला लांबून लोक येतात. अंब नावाच्या राजाचे कुष्ठ या पाण्याने बरे झाले, ही कथा शिपाईकाकांनी आम्हांला घाटावर उभे राहून सांगितली. पुढची चढण अवघड नाही, पण ती सलग आहे. पाणी सोबत असावे आणि शिदोरी पिशवीत तोंड बांधून ठेवावी, कारण वानरे हातातले घेतात.

गडाच्या दाराशी पोचण्याआधी केवल नरसिंह आणि रुद्र नरसिंह ही दोन मंदिरे आहेत. बाहेरून इतकी साधी, की गाडीतून जाणाऱ्याचे लक्ष जाऊ नये. माझेही कधी गेले नव्हते. केवल नरसिंह मंदिरात तांबूस वालुकाश्माची भव्य मूर्ती आहे. हिरण्यकशिपू तेथे नाही. हाती चक्र घेतलेला नरसिंह एकटाच, शांत बसलेला आहे. वर ज्या रामासाठी आपण जातो त्याच्या मंदिराहून हे मंदिर पुष्कळ जुने आहे. लक्ष्मण मंदिरातला लेख यादव राजा रामचंद्राच्या काळातला, म्हणजे तेराव्या शतकाच्या आसपासचा. इथल्या भिंतीतला झिजलेला ब्राह्मी लेख पाचव्या शतकातला, विदर्भावर राज्य करणाऱ्या वाकाटक घराण्याच्या वेळचा आहे आणि त्यात प्रभावतीगुप्तेचा उल्लेख येतो.

मी तिथेच बसून सहकाऱ्यांना तिची हकिगत सांगितली. गुप्त सम्राट दुसऱ्या चंद्रगुप्ताची ही कन्या वाकाटक राजा रुद्रसेन दुसरा याला दिलेली होती. पती लवकर गेला, मुले अज्ञान होती, तेव्हा विदर्भाचा कारभार तिने स्वतः सांभाळला. अमरावती जिल्ह्यातल्या रिद्धपूरला सापडलेला तिचा ताम्रपट रामगिरिस्वामीच्या चरणांपासून दिलेला आहे, म्हणजे या टेकडीवर तेव्हाही देव होता आणि राणी त्याच्या पायाशी बसून जमिनीचे दान देत होती. मेघदूतातला रामगिरी तो हाच, असे इतिहाससंशोधक वा. वि. मिराशी यांनी साधार मांडले, त्यामुळे कालिदासाचे नाव रामटेकशी सगळेच जोडतात; प्रभावतीचे नाव फार थोडे लोक घेतात, याचे मला मनापासून वाईट वाटते.

आमच्या शाळेत पोषण आहाराची खिचडी शिजवणाऱ्या काकू सगळे लक्ष देऊन ऐकत होत्या. “लेकरं केवढी होती तिची?” असे त्यांनी आधी विचारले आणि मग, “अन् सासर कोणतं?”

मी त्यांना बाहेर नेऊन दक्षिणेकडे बोट दाखवले. धान कापून मोकळ्या झालेल्या बांध्यांच्या पलीकडे नगरधन आहे. वाकाटकांची नंदिवर्धन ही राजधानी तीच, असे मानले जाते. इथून अंतर सहा-सात किलोमीटर असेल, असे मी म्हणालो.

काकूंनी बराच वेळ तिकडे पाहिले. “मंग ते पायीच येत असन देवाले,” त्या म्हणाल्या, आणि आम्ही सगळे उठून वराह दरवाज्याकडे, रामाच्या दर्शनाला निघालो.