शुक्राचं उसनं चुंबकत्व

डिसेंबर १९७८. नासाचं पायोनियर व्हीनस ऑर्बिटर शुक्राभोवती फिरू लागलं. यानावर एक मॅग्नेटोमीटर, म्हणजे चुंबकीय क्षेत्र मोजणारं उपकरण, होता. तो मोजणार काय, हा प्रश्नच होता, कारण शुक्राला स्वतःचं म्हणावं असं चुंबकीय क्षेत्र जवळजवळ नाही, हे १९६७ सालीच कळून चुकलं होतं. (शुक्र स्वतःभोवती २४३ दिवसांत एकदा फिरतो, दोष सहसा त्या संथपणाला दिला जातो. पण गाभ्यातली उष्णता बाहेर पडत नसावी, हे कारण अधिक पटतं.)

आता त्या मॅग्नेटोमीटरचा आलेख डोळ्यांसमोर आणा. यान दिवसाच्या बाजूला, आयनांबरातून (वातावरणाच्या वरच्या, विद्युतभारित थरातून) चाललंय. रेषा शून्याजवळ रेंगाळतेय. एकदम उसळी, दोनेक सेकंदांत खाली. पुन्हा शांत, पुन्हा उसळी. यानाचा वेग सेकंदाला सुमारे १० किलोमीटर, म्हणजे ओलांडली ती वस्तू वीसेक किलोमीटर जाड. जोर पृथ्वीवरच्या क्षेत्राच्या हजाराव्या हिश्शाच्या आसपास. आणि घडण सुंभाच्या दोरासारखी: मधोमध क्षेत्ररेषा (क्षेत्राची दिशा दाखवणाऱ्या रेषा) सरळ लांबीला धरून, कडेला जावं तसे त्यांचे वेढे तिरके.

हे चुंबकत्व मुळात सूर्याचं. सौरवात, म्हणजे सूर्याकडून सतत वाहणारा विद्युतभारित कणांचा झोत, ते सोबत घेऊन येतो. पृथ्वीचं क्षेत्र त्याला हजारो किलोमीटर दूरच अडवतं. शुक्रावर तो थेट वातावरणाच्या माथ्यावर आदळतो. तिथल्या वायूचे अणू अतिनील किरणांनी विद्युतभारित केलेले असतात. त्या थरात क्षेत्ररेषा सहजी शिरत नाहीत. वरच साचतात, ताणल्या जातात.

मग क्षेत्ररेषांचे हे दोर आत येतात कसे? साचलेल्या क्षेत्राचे तुकडे सुटून खाली बुडतात, असं एक मत. थराची सीमाच सौरवाताने लाटांसारखी उचंबळते आणि त्यात रेषा गुंडाळल्या जातात, असं दुसरं. पीळ खालच्या उंचीवर जास्त घट्ट आढळतो. म्हणजे सुरुवात कशीही होवो, उतरता उतरता तो आवळत जात असावा.

सौरवाताचा जोर वाढला की मात्र दोर दिसेनासे होतात. वरची सीमा खाली दाबली जाते आणि सगळ्या आयनांबरात आडवं, सलग क्षेत्र भरून राहतं, कधी कधी १०० नॅनोटेस्लांच्याही (नॅनोटेस्ला हे चुंबकीय क्षेत्र मोजायचं एकक) वर.