हिलेलची जागा

जून १९८८, लॉस एंजेलिस. रेड हॉट चिली पेपर्स या रॉक बँडचा गिटारवादक हिलेल स्लोव्हाक हेरॉइनने गेला. वय सव्वीस. गायक अँथनी कीडिस आणि बेसवादक फ्ली हे त्याचे शाळेपासूनचे दोस्त. फ्लीच्या हाती बेस दिला तो मुळी हिलेलनेच.

त्याच्या जागी आला जॉन फ्रुशान्ते. अठरा वर्षांचं पोरगं. बँडची गाणी तोंडपाठ, हिलेल तर त्याचं दैवत. फ्लीशी त्याचं लगेच जमलं.

मग १९९१ उजाडलं. 'अंडर द ब्रिज' ही खरं तर कीडिसच्या वहीतली, व्यसनाच्या दिवसांची कविता. बँडला दाखवायलाही तो कचरत होता. निर्माता रिक रूबिनने ती हेरली आणि पुढच्या वर्षी गाणं बिलबोर्डच्या, म्हणजे अमेरिकेतल्या लोकप्रिय गाण्यांच्या, यादीत दुसऱ्या क्रमांकावर गेलं. छोट्या क्लबांतला बँड हजारोंच्या गर्दीसमोर उभा राहिला. जॉनला ते पचलं नाही.

फेब्रुवारी १९९२. 'सॅटर्डे नाइट लाइव्ह' हा अमेरिकी टीव्ही कार्यक्रम, थेट प्रक्षेपण. याच गाण्याची सुरुवात, आणि जॉन वाजवतो भलतंच. कुठून उचलायचं, कीडिसला कळेना. याने मुद्दाम तोंडघशी पाडलं, असंच त्याने धरलं. मे महिन्यात, जपानच्या दौऱ्यात, जॉन बँड सोडून निघाला.

पुढची वर्षं घरात, हेरॉइनसोबत. कलावंताच्या व्यसनाला 'अस्वस्थ प्रतिभे'चा मुलामा द्यायची आपल्याला भारी हौस. जॉनचे दात किडून गेले, दंडांवर सुयांचे व्रण राहिले. मुलामा कुठे चढवणार?

१९९८ च्या सुरुवातीला तो व्यसनमुक्ती केंद्रात दाखल झाला. बाहेर पडल्यावर फ्ली त्याच्या घरी गेला आणि विचारलं, परत येतोस का? जॉनला रडू फुटलं.

त्याच्याकडे धड गिटारही उरली नव्हती. कीडिसने १९६२ सालची स्ट्रॅटोकास्टर मिळवून दिली. हो, तोच कीडिस. फ्लीच्या गॅरेजमध्ये सराव सुरू झाला. बोटांत पूर्वीची ताकद नव्हती, सफाई नव्हती. होते तेवढे सूर जॉन जपून वापरू लागला.

बँडचं १९९९ मधलं 'स्कार टिश्यू' हे गाणं ऐका. नावाचा अर्थच व्रणाची कातडी. सुरुवातीला गिटारच्या दोनच तारा बोलतात, एक खालची, एक वरची. मधल्या तारा तो गप्प ठेवतो.