जिंकूनही न सुटणारा पैसा : कॅनडाचं लाकूड आणि अमेरिकेची सीमा

मंडळी, निमंत्रणपत्रिकेवर विषय छापलाय ‘कॅनडा-अमेरिका-मेक्सिको करार : पुढे काय?’ तिथे येतोच. पण त्या कराराचं मर्म मला लाकडात दिसतं, म्हणून आधी लाकूड. २०२५ साली ट्रम्प यांनी काय काय शुल्क लावलं ते तुम्ही रोज वाचलंय, ते परत सांगत नाही. माझं म्हणणं असं, की शुल्काच्या टक्केवारीपेक्षा कॅनडाला जास्त छळतं ते त्या पैशाचं वर्षानुवर्षं अडकून पडणं. खटला जिंकला तरी तो पुरता सुटत नाही.

वाद १९८२ पासूनचा आहे. ब्रिटिश कोलंबिया, अल्बर्टा, ओंटारियो, क्यूबेक इथलं बहुतेक जंगल प्रांत सरकारांच्या मालकीचं. सॉ मिलवाला उभं झाड तोडण्याचा हक्क घेतो आणि त्यापोटी सरकारला ‘स्टम्पेज’ भरतो. अमेरिकेत लाकूड मुख्यतः खासगी जमिनीवरून, बाजारभावाने येतं. तिथल्या मिलवाल्यांची तक्रार अशी, की कमी स्टम्पेज म्हणजे छुपं अनुदान. कॅनडा म्हणतो, आमचा माणूस जंगलात रस्ते बांधतो, तोडलेल्या जागी रोपं लावतो, तो खर्चही धरा की. ब्रिटिश कोलंबियात तर लिलावात निघालेल्या भावांवरूनच दर काढतात. तरी तक्रार संपत नाही.

आता सांगा, ‘टू बाय फोर’ पट्टी किती इंचांची? दोन बाय चार म्हणणाऱ्यांनी हात वर करा. बरेच आहेत! रंधून, वाळवून ती दीड बाय साडेतीन भरते. ज्यांनी हात वर केला नाही, ते बांधकामातले असणार.

अशा पट्ट्यांची एक रेल्वे वाघीण घ्या. समजा एक लाख बोर्ड फूट (लाकूड मोजायचं माप) माल, हजार फुटांना ५०० डॉलर, म्हणजे ५० हजार डॉलरचा. ऑगस्ट २०२५ पासून बहुतेक कॅनेडियन मिलना अँटी-डम्पिंग (पडत्या भावाने माल विकल्याबद्दलचं) शुल्क २०.५६ टक्के आणि काउंटरवेलिंग (अनुदानाची भरपाई करणारं) शुल्क १४.६३ टक्के, एकूण ३५.१९. म्हणजे १७,५९५ डॉलर. १४ ऑक्टोबरपासून त्यावर ‘राष्ट्रीय सुरक्षे’च्या नावाखाली अमेरिकी व्यापार कायद्यातल्या कलम २३२ चे आणखी १० टक्के, म्हणजे ५,०००. एका वाघिणीमागे साडेबावीस हजारांहून जास्त. आणि बऱ्याचदा कागदोपत्री आयातदार कॅनडाची मिलच असते, त्यामुळे भरणाही तीच करते.

खरी मेख पुढे आहे. यातले १७,५९५ सीमेवर भरले तरी ते अंतिम शुल्क नसतं, ती अनामत असते. अमेरिकेचं वाणिज्य खातं दरवर्षी मागच्या काळातल्या मालाचा आढावा घेऊन खरा दर ठरवतं. ऑगस्ट २०२५ चा ३५ टक्क्यांचा दर निघाला तो २०२३ मध्ये गेलेल्या मालाच्या तपासणीतून. त्या वर्षी मिलवाले अनामत भरत होते आठ-साडेआठ टक्क्यांच्या आसपास, आणि लाकडाचे भाव कोसळलेले होते. माल विकला, त्याची घरं उभी राहिली, लोक राहायला गेले आणि दोन वर्षांनी दर चौपट! फरक मागे जाऊन वसूल होऊ शकतो. आज माल पाठवणाऱ्याला आपला खर्च किती हेच ठाऊक नसतं. मग बँक त्याला कर्ज कशाच्या भरवशावर देणार? लहान गावातली मिल बंद पडते ती इथे.

खटले कॅनडा लढला, जिंकलाही. २००२ ला २७ टक्के लागले होते. ऑगस्ट २००५ मध्ये नाफ्टाच्या, म्हणजे आजच्या कराराआधीच्या तिघांच्या कराराच्या, शेवटच्या अपील समितीनेही कॅनडाच्या बाजूने निकाल दिला. अमेरिकेने पैसे परत करायला नकार दिला. तोवर सुमारे पाच अब्ज डॉलर साचले होते. शेवटी २००६ चा समझोता झाला : चार अब्ज परत, एक अब्ज अमेरिकेकडे. त्यातले ५० कोटी तक्रार करणाऱ्या अमेरिकी मिलवाल्यांनाच मिळाले. जिंकलेल्याने हरलेल्याला पैसे दिले हो! हा समझोता पार पाडणारे मंत्री डेव्हिड इमर्सन स्वतः एका मोठ्या लाकूड कंपनीचे माजी प्रमुख. जानेवारीत लिबरल म्हणून निवडून आले आणि दोन आठवड्यांत पंतप्रधान हार्पर यांच्या कॉन्झर्व्हेटिव्ह मंत्रिमंडळात जाऊन बसले. व्हँकुव्हरचे मतदार खवळले होते, आणि त्यांचं चुकलं असं मी म्हणणार नाही.

अध्यक्षांची चिठ्ठी आली, दहा मिनिटं उरलीत. तर आता करार.

राजकारण थोडक्यात. अमेरिकेशी व्यापार या एकाच प्रश्नावर कॅनडाने १९११ ला पंतप्रधान लोरिए यांना घरी बसवलं आणि १९८८ ला पंतप्रधान मलरुनींना पुन्हा निवडून दिलं. २०२५ च्या जानेवारीत वीसेक टक्क्यांनी पुढे असलेले कॉन्झर्व्हेटिव्ह २८ एप्रिलला हरले, त्यांचे नेते पॉलिएव्ह यांची स्वतःची जागाही गेली. लिबरल पक्षाचे कार्नी पंतप्रधान म्हणून आले, पण अल्पमतातलं सरकार घेऊन. ऑगस्टमध्ये त्यांनी लाकूडवाल्यांना १.२ अब्ज कॅनेडियन डॉलरची मदत जाहीर केली, त्यात ७० कोटींची कर्जहमी. बँकेचा प्रश्न मघाशी काढला तो यासाठी. इतर बाजार शोधा म्हणणं सोपं आहे. आपल्याकडे घरं सिमेंट-सळईची, तिथे टू बाय फोर कोण घेणार? सस्कॅचवानची मसूर आपण खातो, पण डिसेंबर २०१७ मध्ये भारतानेही तिच्यावर ३० टक्के शुल्क लावलं होतं.

करारात १ जुलै २०२६ चं संयुक्त पुनरावलोकन लिहिलेलं आहे. तिघांचं एकमत झालं तर सोळा वर्षं वाढ. नाही झालं तर दरवर्षी पुनरावलोकन आणि २०३६ ला करार संपतो. शिवाय सहा महिन्यांची नोटीस देऊन कोणालाही बाहेर पडता येतं.

कॅनडाने तिथे काय धरून ठेवावं? दहावं प्रकरण, म्हणजे शुल्काच्या वादासाठी दोन्ही देशांचं संयुक्त पॅनेल. पण आहे तसं ते पुरत नाही. निकालाची मुदत ३१५ दिवसांची, तरी २०१७ ला पुन्हा लागलेल्या अँटी-डम्पिंग शुल्कावरचा निकाल यायला ऑक्टोबर २०२३ उजाडलं. म्हणून मुदतीत पॅनेल नेमलं नाही तर नेमणूक आपोआप व्हावी, आणि वाद मिटेपर्यंत अनामत त्रयस्थ खात्यात राहावी. दुसरं, कलम २३२ या पॅनेलच्या कक्षेबाहेर आहे. पोलाद-अॅल्युमिनियमवरचे ५० टक्के त्याच कलमाखालचे. २०१८ ला सोबतच्या पत्रात वर्षाला २६ लाख गाड्यांना अशा शुल्कातून सूट लिहून घेतली होती, ती २०२५ ला पाळली गेली नाही. तेव्हा नुसतं पत्र पुरे नाही. कलम करारातच हवं, आणि ते मोडल्यास कॅनडाने त्याच दिवशी किती प्रतिशुल्क लावायचं तो आकडाही त्यातच हवा.